रात्रीच्या हाकेला ओ

मे २००४. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत पहिल्यांदाच एक थाई चित्रपट लागला होता. जवळपास तासभर पडद्यावर एक शिपाई आणि बर्फाच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण यांचं प्रेम हळूहळू उमलत होतं. मग पडदा अंधारला. अंधार रेंगाळला. पुन्हा उजाडलं तेव्हा समोर वाघाचं चित्र होतं, नवं शीर्षक होतं आणि एका मांत्रिकाची गोष्ट सुरू झाली होती. चेहरे तेच, पण त्यांची नावं गेलेली. खेडं मागे पडलेलं, बोलणं जवळपास थांबलेलं. उरलं ते जंगल. बरेच प्रेक्षक उठून गेले, काहींनी हुर्यो उडवली. महोत्सव संपला तेव्हा क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या अध्यक्षतेखालच्या ज्युरीने याच चित्रपटाला ज्युरी पारितोषिक दिलं.

चित्रपटाचं थाई नाव ‘सत् प्रलात’, म्हणजे विचित्र प्राणी. जगभर तो ‘ट्रॉपिकल मॅलडी’ या नावाने ओळखला जातो. दिग्दर्शक अपिचातपाँग वीरासेथाकुल. कानाला परकं वाटणारं हे नाव नीट ऐकलं तर त्यात अभिजात, वंश, वीर, कुल असे आपल्या ओळखीचे शब्द भेटतात. थाई भाषेत प्राण्याला ‘सत्’ म्हणतात, तो शब्दही मुळात ‘सत्त्व’. आपण बोधिसत्त्व म्हणतो त्यातलं सत्त्व, असणारा जीव. माणूस आणि जनावर या दोघांनाही सामावणारा शब्द शीर्षकात असावा हे या चित्रपटाच्या बाबतीत फार नेमकं आहे.

या प्रकरणातला प्रश्न असा: एक प्रेमकथा नीट चाललेली असताना दिग्दर्शकाने ती मधोमध तोडली कशासाठी, आणि तोडून लोककथेच्या हवाली का केली? ‘वाघ म्हणजे वासना’ हे उत्तर अनेकदा दिलं जातं. मला ते पटत नाही. त्या थाई लोककथेत एक सक्त ताकीद आहे आणि ती मोडल्याखेरीज या प्रेमाला पुढची वाट नव्हती, असं मी मानतो. ते कसं, हे सांगण्यासाठी चित्रपट जवळून बघावा लागेल.

तुटण्याआधी

सुरुवातीला एक वाक्य दिसतं: आपण सगळे मुळात हिंस्र पशू आहोत आणि माणूस म्हणून आपलं काम त्या पशूला आवरणाऱ्या शिकवणाऱ्याचं आहे, अशा आशयाचं. ते जपानी लेखक नाकाजिमा आत्सुशी यांचं आहे. १९४२ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी त्यांची एक कथा प्रसिद्ध झाली होती, जुन्या चिनी गोष्टीवरून घेतलेली. एक मानी कवी वाघ होतो आणि झुडपाआड लपून जुन्या मित्राशी माणसाच्या आवाजात बोलतो. झुडपाआडून येणारा तो ओळखीचा आवाज लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

नंतर काही शिपाई एका माळरानावर दिसतात. त्यांना एक प्रेत सापडलंय आणि ते त्याच्यासोबत हसत हसत फोटो काढताहेत. या दृश्याचा खुलासा कधीच होत नाही. पण अगदी गोड भाग सुरू होण्याआधी एक मेलेला माणूस गवतात पडलेला आपण पाहिलेला असतो, आणि तो मनातून जात नाही.

मग केंग आणि टाँग. केंग शिपाई, टाँग गावातला. त्यांच्यात जे घडतं ते इतकं साधं आहे की सांगायला गेलं तर हातातून निसटतं. सिनेमागृहात अंधारात एकमेकांना लागलेले हात. टाँगच्या आजारी कुत्र्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे केलेली खेप. मोटरसायकलवरून फिरणं. पावसात आडोशाला बसून केंग म्हणतो की तुला ‘क्लॅश’ या थाई बँडची कॅसेट दिली तेव्हा सोबत माझं काळीज द्यायचं राहून गेलं, ते आज घे. अशी वाक्यं आपण कॉलेजात असताना लिहिली आहेत आणि नंतर फाडली आहेत. दिग्दर्शक त्यांची टिंगल करत नाही. प्रेमात माणूस असाच बोलतो, हे त्याला माहीत आहे.

दोघेही पुरुष आहेत याची चित्रपटात कुठेही अडचण होत नाही. टाँगची आई, आजूबाजूची माणसं, भेटलेली एक मावशी, कुणीही भुवई उंचावत नाही. २००४ साली हे किती धाडसाचं होतं याची आठवण ठेवायला हवी. भारतात कलम ३७७चा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो सप्टेंबर २०१८ मध्ये. थायलंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा अमलात आला तो जानेवारी २०२५ मध्ये. या चित्रपटाने हक्कांचं भाषण केलं नाही. प्रेम आहे एवढंच धरून तो पुढे गेला.

ती मावशी त्यांना एका गुहेतल्या देवस्थानात घेऊन जाते आणि एक गोष्ट सांगते. दोन शेतकऱ्यांना एका छोट्या भिक्षूने दगड गोळा करायला सांगितलं, दगडांचं सोनंचांदी झालं, त्यांना हाव सुटली आणि हाती बेडूक आले. बसल्या बसल्या, हसत सांगितलेली गोष्ट. इथे लोककथा अजून माणसांच्या तोंडी आहे, गप्पांचा विषय आहे. दुसऱ्या अर्ध्यात माणसंच तिच्या तोंडी जातात.

आणि मग रस्त्याच्या कडेची ती रात्र. टाँग लघवी करून परत येतो. केंग त्याचा हात धरतो, हुंगतो, चुंबतो. त्यावर टाँग केंगचा हात घेऊन चाटायला लागतो, भुकेल्या जनावरासारखा, बराच वेळ. मग हसतो आणि काही न बोलता अंधारात चालत जातो. त्या रात्रीनंतर टाँग टाँग म्हणून आपल्याला नीटसा दिसत नाही. पुढे केंग त्याच्या खोलीत, त्याच्या बिछान्यावर बसून फोटो चाळतो आणि बाहेरून आवाज येतात: कुठलंसं जनावर गाई मारतंय.

पडदा काळा होतो तो याच्या पाठोपाठ.

ज्याने हे केलं

अपिचातपाँग यांचा जन्म १९७०चा, बँकॉकमधला. वाढले ते ईशान्येकडच्या इसान प्रदेशातल्या खोन केन शहरात. आईवडील दोघेही डॉक्टर. पदवी वास्तुकलेची, नंतर शिकागोत चित्रपटकलेचं शिक्षण, आणि १९९९ साली ‘किक द मशीन’ ही स्वतःची निर्मितीसंस्था. इसान हा लाओस आणि कंबोडियाला लागून असलेला, राजधानीने कायम दुय्यम मानलेला भाग. तिथल्या श्रद्धा, भुतंखेतं आणि दवाखाने या तिन्ही गोष्टी त्यांच्या चित्रपटांत शेजारी शेजारी नांदतात. डॉक्टरच्या घरात वाढलेल्या मुलाला आजार आणि झपाटणं यांतली सीमा फार ठळक वाटत नसावी.

गोष्ट मधेच मोडण्याची सवय त्यांना आधीपासून होती. २००२च्या ‘ब्लिसफुली युवर्स’मध्ये सुरुवातीची श्रेयनामावली येते ती चित्रपट पाऊणएक तास चालून झाल्यावर, माणसं जंगलाकडे निघाल्यावर. तो चित्रपट कानमध्येच ‘अं सर्तँ रगार’ या मुख्य स्पर्धेबाहेरच्या विभागात पहिला आला होता. तेव्हा २००४चा काळा पडदा ही चूक नव्हती, हे ज्युरीतल्या जाणत्यांना ठाऊक असणार. प्रेक्षागृहातल्या सर्वांना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी स्वतः हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या अंधारात उठून तारा तपासल्या होत्या. म्हणून उठून गेलेल्यांना मी अरसिक म्हणणार नाही. त्यांना गोष्टीचं वचन मिळालं होतं आणि ते मधेच मोडलं गेलं, असं त्यांना वाटलं. हा राग खरा आहे.

दिग्दर्शकापुढे दुसरे मार्ग होते. टाँग जंगलात हरवला आणि केंग त्याला शोधायला गेला, एवढा एक दुवा जोडला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. ज्यांना हवं त्यांनी त्याला रहस्यपट म्हटलं असतं. उलट जंगलाचा भाग स्वप्न म्हणून दाखवता आला असता, म्हणजे केंग झोपला, दचकून उठला, सुटला. दोन्ही वाटांनी लोककथा प्रेमकथेची नोकर झाली असती. त्यांनी दोन भाग शेजारी ठेवले आणि मधला सांधा प्रेक्षकाच्या अंगावर टाकला. दुसऱ्या भागात तो शिपाई केंग आहे असं कुणी सांगत नाही. चेहरा मात्र बानलोप लोमनॉय यांचाच. आणि वाघाचा आत्मा झालेला, अंगभर गोंदल्यासारख्या रेषा मिरवणारा उघडा माणूस म्हणजे टाँग झालेले साक्दा कावबुआदी.

वाघ, जो हाक मारतो

थाई लोकसमजुतीत ‘सुआ समिंग’ नावाचा वाघ आहे. तो दोन वाटांनी होतो. पुष्कळ माणसं खाल्लेल्या वाघात त्या माणसांचे आत्मे वस्तीला येतात आणि मग तो त्यांची रूपं घेऊ शकतो. किंवा जादू साधलेला माणूस वाघाचं रूप घेतो आणि त्याला परत माणूस होता येत नाही. दोन्हींत धोका एकच: तो ओळखीच्या रूपात येतो.

सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट मचाणावरची आहे. शिकारी रात्री झाडावर मचाण बांधून बसलेला असतो. खालून त्याची बायको हाक मारते, घरी कुणी आजारी आहे, लवकर उतर. तो उतरला तर संपला, कारण खाली बायको नसते. मुरलेला शिकारी उतरत नाही. थायलंडमध्ये लहान मुलांनाही सांगतात की रात्री कुणी नाव घेऊन हाक मारली तर ओ देऊ नये. हे वाचताना कोकणातल्या वाचकाच्या अंगावर काटा येईल, कारण पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे त्यानेही आजीकडून ऐकलेलं असतं. चकव्याच्या गोष्टींतही हेच. म्हणजे ताकीद अशी: ज्याच्यावर जीव आहे त्याच्याच आवाजावर रानात भरवसा ठेवू नकोस.

चित्रपटाचा दुसरा भाग नॉय इंथनॉन यांच्या गोष्टींवरून सुचल्याचं त्यातच म्हटलं आहे. हे मालाई चूपिनित या लेखक-पत्रकाराचं टोपणनाव. जंगलातल्या शिकारीच्या, थरारक, हातोहात खपणाऱ्या गोष्टी त्यांनी या नावाने लिहिल्या. तेव्हा अपिचातपाँग पोथीतलं काही शोधायला गेले नव्हते. पोराटोरांनी वाचलेलं, आईबापांनी रागावून काढून घेतलेलं असं हे साहित्य. आपल्याकडे गुरुनाथ नाईक किंवा नारायण धारप वाचून मोठ्या झालेल्यांना हे नातं लगेच कळेल. सुआ समिंगची दहशत कला म्हणून दाखवण्यासाठी तिची मूळची भीती पातळ करायची नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं.

गोष्ट अशी मांडली आहे की एक सामर्थ्यवान ख्मेर, म्हणजे कंबोडियाकडचा, मांत्रिक हवी ती रूपं घेऊन गावकऱ्यांना छळायचा, आणि आता त्याचा आत्मा वाघात अडकून जंगलात भटकतो आहे. इथे एक गोष्ट मला खटकते. काळी जादू कंबोडियाकडून येते, हा थाई लोककथांतला जुना ग्रह आहे. शेजाऱ्याला मांत्रिक ठरवण्याची सवय सगळीकडे सापडते. चित्रपट ती जशीच्या तशी उचलतो आणि पुढे विसरून जातो. पहिल्या भागात माणसांकडे इतक्या मायेने बघणाऱ्या दिग्दर्शकाने इथे एक क्षण थांबायला हवं होतं.

शिपायाने काय केलं

गावातला एक माणूस बेपत्ता आहे. शिपाई एकटाच त्याच्या शोधात रानात शिरतो. हातात बंदूक, सोबत वॉकीटॉकी. दिवस जातात. रेडिओवरचा माणसाचा आवाज विरत जातो आणि ती जागा किडे, पानं आणि पाणी घेतात. या भागाचा खरा नायक ध्वनी आहे, असं मला वाटतं. आक्रितचलर्म कलयाणमित्र यांनी रचलेलं हे रान चांगल्या ध्वनिव्यवस्थेवर ऐकल्याशिवाय कळत नाही. फोनवर पाहिला तर अर्धा चित्रपट काळाच दिसेल आणि तो काळोख रिकामा वाटेल. प्रत्यक्षात तो गच्च भरलेला आहे.

वाघाचा आत्मा कधी माणूस म्हणून दिसतो. तो उघडा, रडत बसलेला दिसतो. शिपायाशी झोंबतो आणि त्याला उतारावरून ढकलून देतो, पण खात नाही. शिपाई अंगाला चिखल फासतो, रांगायला लागतो. एका मेलेल्या गाईचा आत्मा उठून शांतपणे चालत जातो. काजव्यांनी लगडलेलं एक झाड अंधारात श्वास घेतल्यासारखं लुकलुकतं.

आणि एक माकड शिपायाशी बोलतं. माकडाच्या चीत्कारांखाली उपशीर्षकं येतात. ते सांगतं: वाघ सावलीसारखा तुझ्या मागावर आहे. तो उपाशी आहे, एकटा आहे. तू त्याचं सावज आहेस आणि सोबतीही. मग ते दोन वाटा सांगतं. त्याला मारून प्रेतलोकातून मोकळं कर, नाहीतर त्याला स्वतःला खाऊ दे आणि त्याच्या जगात जा.

इथे मचाणावरची गोष्ट उलटी होते. जुन्या गोष्टीत शहाणपण म्हणजे ओ न देणं. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचा आवाज खोटा मानणं, झाडावर घट्ट बसून राहणं, सकाळ होऊ देणं. पण हा शिपाई ज्याच्या शोधात आलाय त्याचाच आवाज खोटा मानला तर शोधाला अर्थ काय उरतो? शेवटी तो गुडघ्यांवर आहे, थरथरतोय, आणि समोर फांदीवर खरा वाघ उभा आहे. दोघे एकमेकांकडे बघत राहतात, न सोसणारा वेळ. वाघाचा आवाज म्हणतो की मला तुझी आठवण येते, शिपाया. अगदी पत्रात लिहितात तसं. आणि शिपाई आपलं चैतन्य, मांस आणि आठवणी त्याला देऊन टाकतो. तो सगळं जाणून हाकेला ओ देतो. शिकारी फसून उतरतो, हा फसत नाही, आणि माझ्यासाठी हा सगळा चित्रपट या फरकात आहे. पहिल्या भागात काळीज द्यायचं राहून गेलं म्हणणारा माणूस इथे ते देतो, आणि ते आता अलंकारिक बोलणं राहिलेलं नाही. कॅसेटची भाषा जिथे थांबली तिथून पुढे हे बोलायला दिग्दर्शकाला वाघ लागला.

म्हणूनच ‘वाघ म्हणजे वासना’ या वाचनाने मला चुटपुट लागते. तसं म्हटलं की वाघ नाहीसा होतो आणि मनाचा एक कप्पा उरतो. चित्रपट मात्र वाघाला वाघच ठेवतो. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांत लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघोबा उभा असतो, सूर्यचंद्रांसह. वाघबारसेला त्याची पूजा होते. तो देव आहे म्हणून तो प्राणी नाही, असं तिथे कुणी मानत नाही. तो गुरं नेऊ शकतो म्हणूनच त्याच्याशी बोलणं करून ठेवलेलं असतं. ताडोब्याचं नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू वाघाशी झुंजताना मेला आणि तळ्याकाठी देव होऊन बसला, अशी तिथली कथा. वाघाने मारलेला माणूस संपत नाही, वेगळ्या नात्याने रानात राहतो. या समजुतीच्या अंगणात वाढलेल्या प्रेक्षकाला चित्रपटाचा शेवट ‘दुर्बोध’ वाटण्याची गरज नाही. त्याला तो ओळखीचा वाटेल, आणि त्यामुळेच जास्त भिववेल.

एक उणीव मला नीट भरून निघाल्यासारखी वाटत नाही. टाँगला काय हवं होतं, हे पहिल्या भागात फार कमी कळतं. तो हसतो, लाजतो, चाटतो, जातो. हवेपणाचा सगळा भार केंगकडे आहे. दुसऱ्या भागात वाघाला बोलतं करून दिग्दर्शक त्याची भरपाई करतो, पण तोवर बोलणारा टाँग राहिलेला नसतो.

नंतर

फ्रान्समधल्या ‘काइये द्यु सिनेमा’ या चित्रपटविषयक मासिकाने २००४च्या सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत याला पहिलं स्थान दिलं. कानच्या त्या वेळच्या ज्युरीत अभिनेत्री टिल्डा स्विंटन होत्या. सतरा वर्षांनी, २०२१ साली, त्यांनी अपिचातपाँग यांच्या कोलंबियात चित्रित केलेल्या ‘मेमोरिया’त मुख्य भूमिका केली, आणि त्यालाही कानचं ज्युरी पारितोषिक मिळालं. मधे २०१० साली त्यांच्याच ‘अंकल बूनमी’ला पाम दोर, म्हणजे कानचं सर्वोच्च पारितोषिक, मिळालं. त्यात लालभडक डोळ्यांचं एक वानरभूत जेवणाच्या टेबलाशी येऊन बसतं आणि घरची माणसं त्याची विचारपूस करतात. २००४ची भीती तिथे पाहुणचार झालेली दिसते. त्यात साक्दा आहेत, आणि पात्राचं नाव पुन्हा टाँग.

मायदेशात मात्र काळा पडदा दुसऱ्याच रूपात परतला. २००६च्या ‘सिंड्रोम्स अँड अ सेंच्युरी’मधली चार दृश्यं काढा, असं थाई सेन्सॉर मंडळाने फर्मावलं. त्यात गिटार वाजवणारा भिक्षू होता, दारू पिणारे डॉक्टर होते. अपिचातपाँग यांनी प्रदर्शन मागे घेतलं. २००८ साली तो चित्रपट थायलंडमध्ये मोजक्या खेळांपुरता लागला तेव्हा कापलेल्या दृश्यांच्या जागी त्यांनी तेवढ्याच लांबीची काळी, मुकी फिल्म घातली, म्हणजे काय हिरावलं गेलं ते प्रेक्षकांनी बसून मोजावं.

बानलोप लोमनॉय पुन्हा दिसले २०१५च्या ‘सेमिटरी ऑफ स्प्लेंडर’मध्ये, खोन केनला चित्रित झालेल्या. पुन्हा शिपाईच. एका जुन्या शाळेत थाटलेल्या दवाखान्यात इतर शिपायांसोबत तो निद्रारोगाने झोपून आहे, उशाशी रंग बदलणारे दिवे लावलेले, आणि एक वयस्क बाई त्याच्या शेजारी बसून तो जागा होण्याची वाट बघते आहे.